शिक्षेचं पान लिहिण्याआधी: न्यायदंडाधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय न्यायदंडाधिकारी महोदय आणि महोदया,

सादर नमस्कार.

राज्यातल्या तालुक्या-जिल्ह्यांच्या फौजदारी न्यायालयांत रोज बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, चालवणाऱ्या आपणा सर्वांसाठी हे पत्र आहे. मी याच न्यायालयांत बचाव पक्षातर्फे उभी राहते. माझे बरेचसे अशील विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेले असतात. कुठल्या एका निकालाविषयी माझी तक्रार नाही. मला बोलायचं आहे ते निकालपत्राच्या शेवटच्या पानाविषयी, कारण आरोपी दोषी ठरल्यावर त्याचं आणि फिर्यादीचं पुढे काय होणार हे त्या एका पानावर ठरतं, आणि तेच पान सगळ्यांत घाईने लिहिलं जातं.

दोषी ठरवल्यावर आरोपीला विचारलं जातं, शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का. तो म्हणतो, साहेब, घरात कमावता मी एकटाच आहे, लहान मुलं आहेत, आई आजारी असते. हे सगळं बोलून होतं तेव्हा निकालपत्रात एवढंच उतरतं: आरोपीने दया दाखवण्याची विनंती केली. त्याखाली एक ओळ, सरकारी अभियोक्त्यांनी जास्तीत जास्त शिक्षा मागितली. त्याखाली आदेश. इतके महिने साधी कैद, इतके रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी इतके दिवस साधी कैद. हा माणूस काय काम करतो, महिन्याकाठी त्याच्या हातात किती पैसे येतात, याआधी कधी त्याला शिक्षा झाली आहे का, ज्याचं नुकसान झालं त्याला काय हवं आहे, यातलं काहीच त्या पानावर नसतं. साक्षीदाराने चाकू उजव्या हातात पाहिला की डाव्या, यावर मात्र आधीच्या पानांवर तपशीलवार चर्चा झालेली असते.

शिक्षेवरची सुनावणी म्हणजे उपचार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. फाशीच्या प्रकरणांत तर ते फार पुढे गेलं. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात दुर्मिळातील दुर्मिळ ही कसोटी आली, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने असं सांगितलं की आरोपीचं बालपण, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वर्तन याची माहिती सत्र न्यायालयापुढे आलीच पाहिजे. फाशी आपल्या अधिकारात नाही, जन्मठेपही नाही, त्यामुळे त्याबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. पण मरणाच्या शिक्षेआधी माणूस समजून घ्यायचा असेल, तर तीन महिन्यांच्या कैदेआधी निदान पाच प्रश्न तरी विचारायला हवेत. देशभरात रोज होणाऱ्या शिक्षांचा मोठा भाग आपल्याच न्यायालयांतून होतो.

आपल्या हातात साधनं किती आहेत, ते एकदा शेजारी शेजारी मांडून बघावं असं मला वाटतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये सहा शिक्षा आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, सश्रम किंवा साधा कारावास, मालमत्ता जप्ती, द्रव्यदंड आणि सामुदायिक सेवा. शेवटची नवीन. जुन्या दंड संहितेत ती नव्हती. फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ नुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना ३ वर्षांपर्यंत कारावास, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सामुदायिक सेवा देता येते. पूर्वी दंडाची मर्यादा १०,००० होती. या सहांच्या बाहेरही कायद्याने बरंच दिलं आहे. ताकीद देऊन सोडणं, तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे परिवीक्षेवर, सोडणं, नुकसानभरपाई देववणं, दंडासाठी मुदत आणि हप्ते देणं. एवढं सगळं असताना व्यवहारात कैद आणि दंड ही दोनच साधनं वापरली जातात, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यासाठी दुसरं साधनही पहिलंच होऊन बसतं.

परिवीक्षा ही काही नवी कल्पना नाही. मुंबई प्रांतात १९३८ मध्येच यासाठी कायदा झाला होता. १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी केली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतींशिवाय, कुटुंबासह राहून शेती करत होती. देशभरासाठीचा अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चा आहे. त्याच्या कलम ३ खाली चोरी, फसवणूक अशा ठरावीक गुन्ह्यांत, किंवा २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेल्या कुठल्याही गुन्ह्यात, आधी दोषसिद्धी नसेल तर ताकीद देऊन सोडता येतं. कलम ४ त्याहून व्यापक आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात ३ वर्षांपर्यंतचं बंधपत्र घेऊन सोडता येतं आणि त्या काळात परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवता येते. काही विशेष कायद्यांत हा मार्ग बंद आहे, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या बोर्डावरच्या मारहाणीच्या, किरकोळ चोरीच्या, शिवीगाळीच्या प्रकरणांत तो बंद नाही.

याला माफी म्हणणाऱ्यांनी याच कायद्याचं कलम ९ वाचावं. बंधपत्रातली अट मोडली की न्यायालय त्याला परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. तीन वर्षं ही टांगती तलवार घेऊन वावरणं, ठरल्या वेळी अधिकाऱ्यापुढे हजर होणं, पत्ता बदलला तर कळवणं हे पंधरा दिवसांच्या कैदेपेक्षा सोपं नाही. माझ्या मते ते जास्त उपयोगाचंही आहे, कारण त्या काळात कुणीतरी त्या माणसावर नजर ठेवून असतं.

आता वयाचा मुद्दा. दोषी ठरलेली व्यक्ती २१ वर्षांच्या आतली असेल, तर कलम ६ प्रमाणे तिला सहसा कारावास देता येत नाही. द्यायचाच असेल तर आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून तो विचारात घ्यावा लागतो आणि कारणं लिहावी लागतात. अठरा ते एकवीस या वयातली मुलं कायद्याने प्रौढ आहेत म्हणून त्यांचा खटला आपल्यापुढे येतो. त्यांना हे कवच कायद्याने मुद्दाम दिलं आहे, पण निकालपत्रात कलम ६ चा उल्लेखही नसतो असं पुष्कळदा दिसतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०२ तर सगळ्यांनाच लागू आहे. जिथे परिवीक्षा देणं शक्य होतं तिथे ती दिली नाही, तर त्याची विशेष कारणं निकालपत्रात नोंदवावी लागतात. 'गुन्ह्याचं स्वरूप पाहता आरोपी परिवीक्षेस पात्र नाही' या वाक्याला विशेष कारण म्हणता येणार नाही. ते वाक्य कुठल्याही निकालपत्रात चिकटवता येतं.

ज्या प्रथेने मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं आहे, तिच्याकडे येते. समजा, एकाने बारा हजारांचा मोबाइल चोरला. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळाला नाही. तो आत राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतले तीन, न्यायाधीन, खटल्याचा निकाल अजून न लागलेले. हा त्यांतलाच एक. दोन-तीन महिने गेल्यावर तो तुरुंगातून अर्ज पाठवतो की गुन्हा कबूल आहे. तारखेला त्याला आणलं जातं, दोषारोप वाचून दाखवला जातो, तो हो म्हणतो, आणि आदेश होतो: आजवर भोगलेली कैद हीच शिक्षा. संध्याकाळी तो सुटतो. प्रकरण निकाली निघतं, तुरुंगातली एक जागा रिकामी होते, त्यालाही घरी जायला मिळतं. तिघंही समाधानी दिसतात.

पण इथे शिक्षा ठरलीच नाही. ती आधी भोगून झाली आणि नंतर तिला आकडा दिला गेला. ८१ दिवस आत होता म्हणून ८१ दिवस. ४० दिवस असता तर ४० झाले असते. जामीनदार कधी मिळाला यावर शिक्षा ठरली, गुन्ह्यावर नव्हे. शिवाय त्याच्या नावावर आता दोषसिद्धी आहे, जी त्याला त्या संध्याकाळी दिसत नाही. ती दिसते चारित्र्य पडताळणीच्या वेळी, सुरक्षारक्षकाच्या किंवा चालकाच्या नोकरीसाठी अर्ज केल्यावर. कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा स्वीकारून दंड भरणाऱ्यांचंही असंच होतं. पुढे कधी पुन्हा सापडला तर पहिल्याच वेळी मिळू शकणारी सवलतही हातातून गेलेली असते. त्याच दिवशी, त्याच कबुलीवर, त्याला १९५८ च्या कायद्याच्या कलम ३ किंवा ४ खाली सोडता आलं असतं. तो त्याच संध्याकाळी घरी गेला असता आणि कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला लागली नसती. गुन्हा पुसला जात नाही, हे खरं. पण एवढा फरकसुद्धा बाविशीतल्या माणसाच्या आयुष्यात फार मोठा असतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी: कबुलीचा अर्ज आला की भोगलेले दिवस मोजण्याआधी त्याला आधी कधी शिक्षा झाली आहे का एवढं विचारा, आणि नसेल तर १९५८ चा कायदा उघडा. आरोपीला मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातले वकील बाजूलाच उभे असतात. त्यांनाही विचारा की परिवीक्षेचा अर्ज का दिला नाही.

दंडाबाबत थोडं. दंड दिसायला सौम्य असतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी तो सौम्यच आहे. न्यायालयात पैसे भरून घेणाऱ्या नाझरांच्या खिडकीपुढे मी बायकांना कमरेच्या पिशवीतून नोटा काढून मोजताना पाहते. कमी पडले की भाऊ बाहेर जाऊन कुणाकडून तरी आणतो, आणि साडेपाच वाजेपर्यंत आला नाही तर आरोपी पोलिसांच्या गाडीत बसतो. दंड न भरल्याबद्दलची कैद ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, पैसे न भरल्याचा तो परिणाम आहे, आणि म्हणून दंड ठरवताना आरोपीची ऐपत बघावी असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं आहे. फिनलंडने १९२१ मध्ये आणि जर्मनीने १९७५ मध्ये दंड माणसाच्या रोजच्या उत्पन्नावर मोजायची पद्धत आणली. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण ऐपत विचारायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. फक्त दंडाची शिक्षा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ प्रमाणे ३० दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देता येतात. हे कलम आरोपीला माहीत नसतं, त्याच्या घरच्यांना माहीत नसतं. आपण स्वतःहून सांगितलं तरच ते वापरात येईल. केंद्र सरकारला २०२३ मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणावी लागली आणि दंडापायी अडकलेल्या सिद्धदोष बंद्यांचे २५,००० रुपयांपर्यंत सरकारकडून भरण्याची सोय करावी लागली. एका हाताने सरकारने दंड घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने भरायचा, त्यापेक्षा झेपेल एवढाच दंड लिहिणं बरं.

सामुदायिक सेवेकडे मी मोठ्या आशेने पाहते, आणि काळजीनेही. न्याय संहितेत ती फक्त सहा गुन्ह्यांना आहे: लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणं, उद्घोषणेनंतरही हजर न होणं, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न, ५,००० रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन आणि बदनामी. यातल्या चोरीच्या तरतुदीत न्यायालयाला पर्यायच ठेवलेला नाही. पहिली दोषसिद्धी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेचीच शिक्षा होते. हे फार मोलाचं आहे. पण सेवा किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, याबद्दल संहिता गप्प आहे. १९७८ च्या दंड संहिता दुरुस्ती विधेयकात ही शिक्षा ४० ते १,००० तासांची सुचवली होती. लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक बारगळलं. आता तास लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. आदेशात नुसतं 'आरोपीने सामुदायिक सेवा करावी' असं लिहिलं तर तो कागद घेऊन आरोपी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहील. काम कोणतं, एकूण तास किती, कोणत्या वारी, हजेरी कोण लिहिणार, पूर्ततेचा दाखला कुठल्या तारखेला न्यायालयात यायचा, हे त्याच आदेशात हवं. रोजंदारीवर जाणाऱ्याला सोमवार ते शनिवार सेवा दिली तर त्याचा रोज बुडतो आणि शिक्षा त्याच्या मुलांनाही होते. त्याला रविवारचे चार तास द्या. अंगावर लहान मूल असलेल्या बाईला घराजवळची जागा द्या. आणि कुठल्याही साहेबांच्या बंगल्यावर, कुणाच्या खासगी आवारात हे फुकटचे हात वापरले जाणार नाहीत, एवढं आदेशातच बजावून ठेवा.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. सामुदायिक सेवा म्हटलं की पहिला झाडू आठवतो. ज्यांच्या आजा-पणजांच्या हातात जातीने झाडू दिला, त्यांच्या हातात न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा झाडू जाता कामा नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. सफाई एका जातीला आणि स्वयंपाक दुसरीला, हे तुरुंगातून हद्दपार होत असताना ते सामुदायिक सेवेच्या वाटेने परत यायला नको. कामं पुष्कळ आहेत. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, सरकारी रुग्णालयात नोंदणीच्या रांगेत म्हाताऱ्यांना मदत करणं, रोपांना पाणी घालणं, ज्याला सुतारकी येते त्याने शाळेतले बाक दुरुस्त करणं. माणसाच्या हातात जे कसब आहे ते विचारा. गळ्यात पाटी अडकवून, फोटो काढून कुणाकडून काम करून घेणं ही सेवा नाही आणि कायद्याने सांगितलेली शिक्षाही नाही.

या शिक्षेची लोक टर उडवतात, कारण मे २०२४ मध्ये पुण्यातल्या अपघातानंतर ३०० शब्दांच्या निबंधाची अट गाजली होती. ती अट एका अल्पवयीनाच्या जामिनावर बाल न्याय मंडळाने घातली होती. प्रौढ दोषींच्या शिक्षेशी तिचा काहीही संबंध नाही. तरी तिची छाया पडली आहे, आणि म्हणूनच सुरुवातीचे आदेश नेमके आणि पाळता येतील असे असले पाहिजेत. पहिल्या दहा आदेशांतले आठ कागदावर राहिले तर अकरावा आदेश लिहायला कुणी धजणार नाही.

फिर्यादीचं काय, हा प्रश्न आपण विचाराल, आणि तो रास्त आहे. ज्याचं डोकं फुटलं, ज्याला टाके पडले, ज्याचे आठ दिवस कामाविना गेले, त्याला आरोपी तुरुंगात गेल्याने यातलं काहीच परत मिळत नाही. धनादेश न वटल्याच्या खटल्यात भरपाई लिहिताना कुणाचाही हात अडखळत नाही. मारहाणीच्या निकालपत्रात मात्र दंड सरकारजमा होतो आणि जखमी माणूस साक्षभत्ता घेऊन घरी जातो. भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात करणं आणि त्याची कारणं नोंदवणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात दिला. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९५ त्यासाठीच आहे, आणि परिवीक्षेवर सोडतानासुद्धा १९५८ च्या कायद्याच्या कलम ५ खाली भरपाई देववता येते. बंधपत्र, अधिकाऱ्याची देखरेख आणि फिर्यादीला हप्त्याने भरपाई, असा एकत्र आदेश मी मोजक्याच वेळा पाहिला आहे. त्या प्रत्येक वेळी फिर्यादी न्यायालयातून बाहेर पडताना निदान हे विचारत नव्हता की माझं काय झालं.

वेळ नाही, हे आपलं उत्तर मला माहीत आहे. बोर्डावर शंभराच्या वर प्रकरणं असतात, परिवीक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे, त्यांच्याकडे बालकांचीही कामं असतात आणि अहवाल यायला महिने लागतात. हे खोटं नाही. पण परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ खाली अहवाल आलेला असेल तर तो विचारात घ्यायचा आहे. त्याच्यावाचून आदेश अडत नाही. अनिवार्य आहे तो २१ वर्षांच्या आतल्यांचा. तेवढे अहवाल तरी दोषसिद्धीची वाट न पाहता, आरोपीचा अंतिम जबाब नोंदवण्याच्या टप्प्यावरच मागवून ठेवले तर निकालाच्या दिवशी ते फाइलमध्ये असतील. बाकीच्यांसाठी एक पानाचा नमुना पुरेल: वय, काम, उत्पन्न, अवलंबून असणारे, पूर्वीची दोषसिद्धी, फिर्यादीचं नुकसान किती, परत काय मिळालं. तो बचाव पक्षाच्या वकिलाने भरायचा, सरकारी अभियोक्त्यांनी तपासायचा. असा नमुना आमच्याकडून मागून घ्या. दिला नाही तर शिक्षेवरची सुनावणी दुपारच्या सत्रात ठेवा. तोवर आम्ही तो भरून आणू.

आपली विश्वासू,
फौजदारी न्यायालयात वकिली करणारी एक वकील